अंगठ्यापुरता खड्डा

गल्लीतली पोरं त्यांना चिखलबाई म्हणतात. अगदी तोंडावर नाही म्हणत, पण बाईंची पाठ पुरती वळेपर्यंतही थांबत नाहीत. बाईंना त्याचं काही वाटत नाही. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर चिखल, चष्म्याच्या काडीला चिखल, फोन उचलला की फोनलाही चिखल; मग पोरांनी दुसरं काय म्हणावं? शिकायला येणारी मंडळी मात्र नुसतं 'बाई' म्हणतात, आणि आपणही तेच म्हणू.

बाईंचा स्टुडिओ म्हणजे घरामागचं गॅरेज. 'स्टुडिओ' हा शब्द दारावरच्या पाटीपुरता. आत शिरलं की डाव्या हाताला विजेवर फिरणारी दोन चाकं, उजवीकडे माती मळायचं लांबलचक टेबल, टेबलाखाली मातीच्या पिशव्या आणि मागच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर ओली भांडी जुन्या प्लास्टिकखाली हळूहळू वाळत पडलेली. भट्टी शेजारच्या खोलीत, जिथे पूर्वी कपडे धुतले जायचे. ती पिंपाएवढी, वरून झाकण असलेली, तीही विजेवरची. बाईंच्या नवऱ्याने ती स्वतः जोडून दिली. तो लिफ्टची दुरुस्ती करतो, त्यामुळे तारांना भीत नाही. गाडी मात्र तेव्हापासून रस्त्यावर आली. 'माझी गाडी उन्हात आणि हिचा चिखल सावलीत,' असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो, आणि ऐकवून झालं की मातीच्या जड पिशव्या मुकाट्याने आत नेऊन ठेवतो.

त्याआधी बाई फरशांच्या कारखान्यात होत्या. काम निवडीचं. समोरच्या पट्ट्यावरून फरशा सरकत जायच्या आणि त्यातली खोट असलेली फरशी बाईंनी उचलून बाजूला टाकायची. कुठे टवका उडालेला, कुठे कोपरा केसभर वर आलेला, कुठे रंग जरासा उतरलेला. बाईंची नजर इतकी तयार झाली की इतरांना जे हातात घेऊनही दिसायचं नाही ते त्यांना सरकत्या पट्ट्यावर दिसायचं. पुढे कारखान्याने त्या कामाला कॅमेऱ्याचं यंत्र आणलं आणि बाईंना निरोप दिला. नोकरी गेली, नजर काही गेली नाही. लोकांच्या घरी पाहुणी म्हणून गेल्या तरी त्यांचे डोळे आधी भिंतीवरची तसबीर सरळ आहे का ते बघतात. सरळ नसली तर यजमान चहा आणायला आत गेल्यावर उठून सरळ करतात.

आता अशा बाईने दुसऱ्यांना भांडी करायला शिकवायचं म्हणजे काय होणार, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

शिकायला आलेल्या माणसाचं पहिलं भांडं वाकडंच होतं. दुसरंही होतं. दहावंही झालं तर त्यात नवल नाही. माती चाकाच्या मध्यावर बसवायला शिकण्यातच माणसाच्या नाकी नऊ येतात. बाई वर्गात कुणाला टाकून बोलायच्या नाहीत. 'छान. बरंय. ठेवा फळीवर,' एवढंच. मग वर्ग सुटायचा, मंडळी हात धुऊन घरी जायची, बाई दार लोटून घ्यायच्या आणि फळीवरचं एकेक भांडं खाली काढायच्या. तारेने काठ कापून सरळ करायच्या, जाड बूड कोरून काढायच्या, स्पंजाने अंग पुसून घ्यायच्या, कुठे बोट रुतलं असेल तर पातळ माती भरून बुजवून टाकायच्या. अर्धा-पाऊण तास गेला की फळीवर सगळी शहाणी भांडी ओळीने उभी.

पुढे भट्टीतून भांडं भाजून बाहेर आलं की करणारा हरखून जायचा. मधे इतके दिवस गेलेले असत की आपण काय केलं होतं ते त्याला नीटसं आठवायचं नाही, आणि आठवलं तरी माणूस स्वतःच्या बाजूनेच आठवतो. बाईंच्या हाताखाली कुणालाही जमतं, असं गावभर झालं होतं. याला माया म्हणा नाहीतर खोड म्हणा. माझ्या मते दोन्ही होतं, आणि दोन्ही एका माणसात असलं की खोड कधी सुटत नाही.

बुधवार-शनिवारच्या वर्गात सगळ्यात जुने दोघं. एक मास्तर, म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाखालीही एक ब्रेक आहे आणि तो दाबून दाबून त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला आहे. ते वाडगे करायचे, आणि प्रत्येक वाडगा बाईंच्या हातून गेल्यावर असा काही देखणा व्हायचा की मास्तरांनी नातेवाइकांत वाडगे वाटायला सुरुवात केली होती. दुसरी बेकरीवाली. माती मळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण भांडं करायला घेतलं की ते पावासारखं फुगायचं. बाई संध्याकाळी त्याची फुगी उतरवायच्या.

आणि मग वर्गात आल्या ताई.

ताई म्हणजे बाईंच्या नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं सलून होतं आणि सलूनच्या वर त्या एकट्या राहायच्या. उभं आयुष्य बायकांचे केस कापण्यात गेलेलं, त्यामुळे कात्री आणि जीभ दोन्ही सारखीच चालायची. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा ताईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, 'केस कुणी कापले गं तुझे? तुझ्यावर राग होता का त्याचा?' तेव्हापासून दोघींचं जमलं. ताई बोलायच्या, बाई हसायच्या.

गेल्या वर्षी ताईंना अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, पाय बराचसा वाचला, पण उजवा हात गेला तो पुरता परत आला नाही. अंगठा आणि पहिली दोन बोटं कशीबशी ऐकायची. शेवटची दोन मिटून तळव्याशी पडून असायची. शिवाय मनगटाला कंप. डाव्या हाताने काम भागलं असतं, पण डावा खांदा आधीच सलूनने खाल्लेला. इतकी वर्षं डाव्या हाताने लोकांचे केस वर धरून धरून तो असा काही आखडला होता की हात छातीच्या वर जायचा नाही. टेबलावरचं काम डावा हात करायचा, तोंडापर्यंत काही न्यायचं तर उजव्याशिवाय इलाज नव्हता.

दवाखान्याने त्यांना चोच असलेला प्लास्टिकचा मग दिला होता. ताईंनी तो कपाटात फेकला. 'असल्या चोचीतून चहा प्यायचा तर त्यापेक्षा मी चहाच सोडते,' म्हणाल्या. पण सोडला नाही. नेहमीच्या कपाने प्यायला गेल्या, त्याच्या कानातून बोटं निसटली आणि गरम चहा सगळा मांडीवर. भाजलं फार नाही, पण ओरडा खालपर्यंत ऐकू गेला. शेजारणीने ताईंच्या मुलाला फोन लावला.

मुलगा दुसऱ्या शहरात असतो. वाईट नाही तो, हे आधीच सांगून ठेवते. आईच्या काळजीने त्याला खरोखर झोप लागत नव्हती. त्याने घरातली एक खोली रिकामी केली, दिवसभरासाठी सोबतीला कामवाली बघून ठेवली आणि फोनवर सांगितलं, 'आई, आता एकटं राहणं पुरे. मी न्यायला येतो.'

ताई म्हणाल्या, 'मी नाही येणार.'

'मग मी येतो तेव्हा स्वतःच्या हाताने चहा करून, पिऊन दाखव. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर बॅग भरायची.'

'ठरलं,' ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. हे त्यांनी फक्त बाईंना सांगितलं.

बाईंनी लगेच त्यांच्यासाठी एक कप केला. मोठा कान, चारही बोटं आत जातील असा. ताईंनी धरून बघितला आणि परत दिला. बाईंनी दुसरा केला, दोन कानांचा. तोही परत.

'वहिनी, तू बाहेरून बघून करतेस. आत काय चाललंय ते तुला कसं कळणार? मलाच शिकव.'

'ताई, तुम्हाला या हाताने...'

'हाच हात धरणार ना तो कप? मग यालाच विचारून करायला हवा.'

ताई वर्गात येऊन बसल्या. चाक त्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून बाईंनी त्यांना मातीचा गोळा हातात घेऊन चिमटीने पोकळ करायची जुनी रीत दाखवली. ताई डाव्या हाताने गोळा टेबलावर धरायच्या आणि उजव्या अंगठ्याने रेटायच्या. सुरुवातीचे सगळे गोळे चेंदामेंदा होऊन परत पिशवीत गेले. मास्तर मधूनच मान वळवून 'वा ताई, वा!' म्हणायचे. 'तुमच्या गाडीतल्या पोरांनाही असंच म्हणता का, ती खांबावर गेल्यावर?' असं ताईंनी विचारलं, तेव्हापासून मास्तर गप्प बसून आपला वाडगा करू लागले.

एका शनिवारी ताईंचा कप झाला. बाईंचं तेव्हा लक्ष नव्हतं. बेकरीवालीचं भांडं चाकावरून उडालं होतं आणि त्या दोघी भिंतीवरची माती पुसत होत्या. ताईंनी डोळे मिटले, ओला कप उजव्या हातात धरला आणि जितक्या जोराने धरवेल तितक्या जोराने एकदाच धरला. मग तसाच टेबलावर ठेवला, हात पुसले, फळीवर सरकवून दिला आणि भावाला फोन करून बोलावलं, कारण त्यांच्यात घरी चालत जायचं त्राण उरलं नव्हतं. बाईंना जाताना एवढंच म्हणाल्या, 'झाला एकदाचा.'

वर्ग सुटल्यावर बाईंनी दार लोटून घेतलं. मास्तरांचा वाडगा झाला, बेकरीवालीची फुगी उतरली, आणि त्यांनी ताईंचा कप हातात घेतला.

कप कुठूनतरी दाबला गेला आहे असं वाटत होतं. एका अंगाला अंगठा जाईल एवढा खोल खड्डा, समोरच्या बाजूला दोन चर, त्याखाली एक जाडजूड कंगोरा बाहेर आलेला, बूड विटेसारखं जड, काठ एका बाजूला ओढलेला.  बाईंनी ते चित्र डोळ्यांपुढे उभं केलं: ताईंनी किती मरमर करून कप केला असेल, शेवटच्या क्षणी तो निसटत असेल, त्यांनी तो कसाबसा पकडला असेल आणि पकडताना चेपून गेला असेल. आणि मानी ताईंनी मग कुणाला न सांगता तसाच फळीवर ठेवून दिला असेल. बाईंनी डोळे पुसले आणि त्या दिवशी इतर कुणाच्याही भांड्यावर केलं नव्हतं इतकं मन लावून काम केलं. खड्डा भरला. चर बुजवले. कंगोरा कापून काढला. बूड कोरून हलकं केलं, काठ गोल केला. पुढे भाजून झाल्यावर त्यावर निळ्या ग्लेझचा, पाणी न झिरपू देणारा काचेसारखा लेप दिला आणि दुसऱ्यांदा भाजला. मुलगा बघेल तर थक्क होईल असा कप झाला होता.

भट्टी उघडायची वेळ म्हणजे वर्गातली मोठी मजा. सगळे कडेने उभे राहतात आणि बाई एकेक भांडं काढून ज्याचं त्याला देतात. मास्तरांना वाडगा मिळाला. बेकरीवालीला बरणी मिळाली. निळा कप बाईंनी ताईंच्या पुढे ठेवला आणि हात पदराला, म्हणजे ॲप्रनला, पुसत कौतुक ऐकायला उभ्या राहिल्या.

ताईंनी कप उचलला नाही. डाव्या हाताने तो टेबलावरच फिरवला, पूर्ण एक फेरा. मग उजवा अंगठा त्याच्या अंगावरून फिरवला, वरून खाली, पुन्हा वर.

'हा माझा नाही.'

'तुमचाच आहे हो ताई,' बेकरीवाली म्हणाली. 'त्या शनिवारी तुमच्याच फळीवर होता की. किती सुरेख झालाय बघा.'

ताईंनी तो धरायचा प्रयत्न केला. गुळगुळीत कप गोलच्या गोल फिरला, बोटांतून सुटला आणि टेबलावर आडवा झाला. फुटला नाही. फुटला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना नंतर वाटलं.

'वहिनी, माझा खड्डा कुठाय?'

'ताई, तो... तो चेपला गेला होता ना. मी जरा नीट केला.'

'चेपला नव्हता. चेपला होता मी.' ताईंचा आवाज वर गेला नाही, आणि तेच बाईंना जास्त लागलं. 'अंगठ्याला जागा केली होती. दोन बोटांना जागा केली होती. ही दोन मेलेली आहेत ना, यांच्यावर तो टेकायचा होता, म्हणून खाली कड काढली होती. महिनाभर मरत होते त्यासाठी.'

 मग मास्तरांनी आपला वाडगा उलटा करून बूड बघितलं. बेकरीवालीच्या बरणीचं बूड बघितलं. फळीवरच्या बाईंच्या स्वतःच्या एका भांड्याचं बघितलं. तिन्ही बुडं एकाच माणसाच्या हाताने कोरलेली.

'म्हणजे माझे वाडगेसुद्धा?' मास्तर म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. 

'बाई, माझ्या पायाखाली ब्रेक असतो,' मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. 'पोरगं खांबावर जायला लागलं तर मी दाबतो. पण ते झोपल्यावर त्याची गाडी मी चालवून आणत नाही, आणि सकाळी त्याला सांगत नाही की बघ, काय झकास चालवलीस. सात वाडगे वाटले मी लोकांना!'

ताई तेव्हा दारापर्यंत पोचल्या होत्या. बाई मागे धावल्या तर त्यांनी मागे न बघता डावा हात कमरेपाशीच हलवला, येऊ नकोस अशा अर्थाने. मुलगा पुढच्या रविवारी यायचा होता.

बाईंनी ते दोन दिवस कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. नवऱ्याला सांगितलं तर त्याने बातमी ऐकल्यासारखं तोंडच केलं नाही. 'मला माहीत होतं की,' तो म्हणाला. 'तू माझ्या शर्टाच्या घड्यापण पुन्हा घालतेस.' 'मग बोलला का नाहीत?' असं बाई त्याच्यावर ओरडल्या, आणि ओरडून झाल्यावर रडल्या. सगळ्यात जास्त कशाने वाईट वाटत होतं, तर आपण ज्याला मदत समजत होतो त्यात ताईंना एक शब्द विचारायचंही आपल्याला सुचलं नाही. सुचलं नाही, कारण वाकडं म्हणजे चुकलेलं, याबद्दल त्यांना आयुष्यात कधी शंकाच आली नव्हती.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी मातीची एक पिशवी उचलली आणि ताईंच्या घरचा जिना चढल्या.

ताईंनी दार उघडलं, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'रविवारपर्यंत होईल का?'

'एकदाच भाजून होईल. ग्लेझ नाही लावता येणार, तेवढा वेळ नाही. थोडा पाझरेल.'

'पाझरू दे. बस तिथे. आणि हात मांडीखाली घे.'

'अहो ताई...'

'मांडीखाली. दोन्ही.'

बाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर शाळेतल्या पोरीसारख्या हातांवर बसल्या. समोर ताई गोळा रेटत होत्या. कप एका बाजूला झुकायला लागला तेव्हा बाईंचे हात असे शिवशिवले की त्यांनी खुर्ची घट्ट धरली. भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ. तोंडातून शब्द निघणार तेवढ्यात ताई वर न बघता 'अंहं' म्हणायच्या. बाईंनी खिडकीबाहेर बघायचा प्रयत्न केला, पण नजर परत परत कपाकडेच. आणि मग त्यांना ते दिसलं. ताईंनी डोळे मिटून कप धरला तेव्हा त्यांचा खांदा खाली आला, मान सैल झाली आणि मनगटाचा कंप कपाच्या वजनाखाली बसून गेला. मिटलेली दोन बोटं कंगोऱ्याखाली अशी बसली की जणू ती त्यासाठीच मिटली होती. झटका आल्यापासून त्या हाताला काही धरताना बाईंनी इतकं निवांत बघितलं नव्हतं.

कप बाईंनी घरी आणला, ओंजळीत धरून, रस्ताभर. आता तो वाळवायचा आणि भाजायचा हे काम त्यांचं होतं, आणि खरी परीक्षा तिथेच होती. बूड भलतंच जाड झालं होतं. जाड मातीत ओल दडून राहते आणि भट्टी तापली की ती ओल वाफ होऊन भांडं फोडते. बाई रोज कप गालाला लावून बघायच्या. गार लागला म्हणजे आत अजून पाणी आहे. गुरुवारी अंग कोरडं लागलं, पण बूड अजून गारच. कोरायची सळई हाताशी होती. बोटभर माती खालून काढली असती तर निम्मी भीती संपली असती, आणि खालून काढलेलं कुणाला दिसलंही नसतं.

बाईंनी सळई खाली ठेवली आणि चिखलाच्या हाताने फोन लावला.

'ताई, बूड जाड आहे. भट्टीत फुटू शकतो. बोटभर कोरू का?'

 ताई म्हणाल्या, 'नको. वजन जाईल. हात थरथरतो तेव्हा तो जडपणानेच बसून राहतो.'

'आणि फुटला तर?'

'फुटला तर माझा फुटेल.'

बाईंनी कोरलं नाही. शुक्रवारी सकाळी भट्टी लावली ती झाकण किलकिलं ठेवून, अगदी मंद. दर थोड्या वेळाने झाकणाच्या फटीपाशी आरसा धरून बघायच्या. आरशावर वाफ धरली म्हणजे ओल अजून निघते आहे. इतर वेळी दोन-तीन तासांत पुढे नेली असती ती भट्टी त्यांनी संध्याकाळपर्यंत तशीच रेंगाळत ठेवली. त्या दिवशी घरात जेवण नवऱ्याने केलं. बाई भट्टीपाशी स्टूल टाकून बसल्या होत्या, फुटल्याचा आवाज येतो का ते ऐकत. वाडगे वाटून बसलेले मास्तर मधेच येऊन डोकावून गेले. रुसवा होता, पण जीव टांगणीला त्यांचाही लागला होता. 'स्टिअरिंगला हात लावू नका,' एवढं म्हणून गेले.

रविवारी सकाळी ताईंच्या टेबलाभोवती चौघं जण बसले होते. ताई, त्यांचा मुलगा, बाई आणि बाईंचा नवरा. टेबलावर किटली आणि तो कप. भाजलेल्या विटेच्या रंगाचा, बसका, झुकलेला. मुलाने त्याच्याकडे बघितलं आणि मामीकडे बघितलं. मामीने हे असलं काय केलं आहे, असं त्याला वाटलं असणार, पण बोलला नाही.

ताईंनी चहा केला. डाव्या हाताने किटली कलंडवली. थोडा चहा टेबलावर सांडला. मुलगा अर्धवट उठला आणि त्याचा हात फडक्याकडे गेला.

बाईंनी त्याची बाही पकडली. 'बस रे. त्या बघतील.'

ताईंनी आधी फडकं घेऊन टेबल पुसलं, स्वतःच. मग उजवा हात कपाभोवती नेला. अंगठा खड्ड्यात गेला, दोन बोटं चरांत, दोन कंगोऱ्याखाली. मनगट थरथरायला लागलं आणि थांबलं. कप उचलला गेला. ताई चहा प्यायल्या. एक घोट, मग दुसरा, मग टेबलावर ठेवून दम घेतला, मग पुन्हा उचलून सगळा संपवला. ग्लेझ नव्हती, त्यामुळे कपाचं अंग ओलं होऊन गडद झालं होतं आणि टेबलावर त्याचं ओलं वर्तुळ उमटलं.

'साखर कमी पडली,' ताई म्हणाल्या.

मुलाने कप हातात घेतला. धरायला गेला तर धरता येईना. खड्डा भलत्या ठिकाणी, चर भलतीकडे, कप एका बाजूला पडायला लागला. त्याने फिरवून बघितला, उलट धरून बघितला. 'हा धरायचा कसा?' असं तो मामीला विचारत होता, आणि विचारता विचारताच त्याने शेवटची दोन बोटं मिटून तळव्याशी नेली, आईची असतात तशी. कप त्यांच्यावर टेकला. अंगठा आपोआप खड्ड्यात गेला.

तो तसाच बसून राहिला, कप धरून, आपल्या मिटलेल्या बोटांकडे बघत.   बाईंच्या नवऱ्याने तोंड उघडलं, पण बाईंनी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

मुलाने कप खाली ठेवला, नाक पुसलं आणि म्हणाला, 'आई, पुढच्या महिन्यात येतो. नुसता भेटायला.'